पोच

शनिवारी विधानसभेचा निकाल लागला, आज मंगळवार. माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांवरची शाई अजून गेलेली नाही. साबण झाला, लिंबू झालं, चौथीतल्या पोरांनी सुचवलेली टूथपेस्टही झाली.

२० नोव्हेंबर २०२४ ला, मतदानाच्या दिवशी, मी मतदान अधिकारी क्रमांक दोन होते. एक नंबरवाला यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो, तीन नंबरच्या हाती मशीनचं बटण. मधल्याकडे रजिस्टर, चिठ्ठ्या आणि शाईची बाटली. ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते, १९६२ पासून आपण तीच वापरतोय. त्यातलं सिल्व्हर नायट्रेट उन्हात आणखी काळं पडतं, त्यामुळे दुपारपर्यंत माझा हात बघण्यासारखा झाला होता. गंमत अशी, की ज्या बोटावर ही शाई मिरवायची असते ते माझं डाव्या हाताचं बोट मात्र कोरं आहे. ड्युटीवरच्या लोकांचं मत टपाली. प्रशिक्षणाच्या ठिकाणी लखोट्यात घालून देतो आम्ही, शाई वगैरे काही नाही.

एक कबुलीही इथेच देऊन टाकते. २०१९ ला मी तेवढंही केलं नव्हतं. टपाली मतपत्रिकेचा अर्ज वेळेत भरला नाही, ड्युटीच्या गडबडीत राहून गेलं असं स्वतःला सांगितलं. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात पोरांची प्रभातफेरी काढून, घोषणा देत अख्खं गाव फिरले होते मी. आईबाबांकडून ‘मतदान करीन’ अशी संकल्पपत्रं सही करून आणायला लावली होती. त्या पोरांपैकी कुणी विचारलं नाही, ‘बाई, तुम्ही केलं का?’ विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे.

मी सरकारी नोकर आहे. त्यामुळे या पोस्टमध्ये पक्षाचं नाव शोधू नका, सापडणार नाही. आणि खरं सांगायचं तर मला जे बोलायचंय ते पक्षाबद्दल नाहीच.

त्या दिवशी माझ्यासमोरून साडेसातशेच्या वर बोटं गेली. आमच्या मराठवाड्यात नोव्हेंबर म्हणजे कापसाची वेचणी, त्यामुळे बायांची बोटं बोंडांनी ओरखडलेली. एकीच्या नखांत हळद, बहुतेक लग्नघरातून उठून आलेली. एका आजोबांना तर्जनीच नव्हती, कडबाकुट्टीत गेलेली. अशा वेळी डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला लावायची असा नियम आहे, मी तशी लावली, तर म्हणाले, ‘हे बी घ्या, ते बी घ्या, पण कारखान्यावर गेलेल्या पोराचं मत कुनाच्या बोटानं टाकू?’ गाळप पंधरा तारखेला सुरू झालं होतं. ऊसतोडीच्या जोड्या गेलेल्या, यादीत नावं होती, माणसं नव्हती. काहींना उमेदवारांच्या गाड्या परत घेऊन आल्या, म्हणजे काय ते तुम्हाला कळतंच.

आणि एक म्हातारी. दारात आली, चपला काढल्या, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग आत आली. शाळेची खोली ती, चपला काढाव्या लागतात असं तिला वाटलं असेल म्हणून मी म्हटलं, ‘आजी, राहू द्या पायात.’ ती काही बोलली नाही. सही येत नव्हती, अंगठा दिला. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली, बीप वाजला, आणि बाहेर येताना तिने मशीनकडे वळून हात जोडले. तीन नंबरवाला सर हसला. मला हसू आलं नाही, आणि का आलं नाही याचा विचार मी गेले सहा दिवस करतेय.

कारण हात जोडणं मला नवं नाही. माझे वडील माळकरी. अण्णा पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, आषाढीला अजून दिंडीत चालतात, कार्तिकीला एसटीने जातात, तिकीट माफ झाल्यापासून अंमळ जास्तच खुशीत. यंदाची कार्तिकी एकादशी १२ तारखेला होती, म्हणजे मतदानाच्या बरोबर आठ दिवस आधी. आमच्या घरात ‘भक्त’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय तो आदराने. अमका मोठा भक्त आहे म्हणजे तो पहाटे उठतो, एकादशी मोडत नाही, तोंडातून वाईट शब्द काढत नाही, दिंडीत कुणाचे पाय सुजले तर बसून तेल चोळतो. आता तोच शब्द शिवी झालाय. एका बाजूने दुसऱ्याला द्यायचा, मग दुसऱ्याने उलट त्याच वजनाचा काहीतरी शोधायचा. फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ चालू होता, त्यात तीन वेळा ‘भक्त’ आलं, तर अण्णा मला म्हणाले, ‘कुन्या भक्ताला शिव्या द्यायलाय गं ह्यो?’ मी त्यांना काय समजावणार. म्हटलं, दुसरे भक्त अण्णा, राजकारणातले. ते म्हणाले, ‘त्येंची एकादशी कवा असती?’

त्यांनी विनोद म्हणून विचारलं नव्हतं. पण मला त्या प्रश्नात सगळं सापडलं. माळ घातली की नेम येतो. काय खायचं नाही, काय बोलायचं नाही, वर्षातून कधी आणि किती चालायचं, हे सगळं स्वतःवर. दिंडीत आपल्यापेक्षा लहान माणसाच्याही पाया पडायचं, त्याची जात विचारायची नाही. पाळतात का सगळे? नाही पाळत. दिंड्यांमधलेही मानापमान मी पाहिलेत, आणि विठ्ठलाच्या देवळात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं होतं, हेही पोरांना शिकवते. तरी नेम हा नेम असतो, मोडला तर मोडणाऱ्याला माहीत असतं. राजकारणातल्या भक्तीला असा एकही नेम नाही. तिथे माझ्याकडून काहीच मागितलेलं नाही. दुसरा किती वाईट आहे हे रोज म्हणायचं, एवढंच. पहाटे उठायचं नाही, चालायचं नाही, काही सोडायचं नाही. इतकी स्वस्त भक्ती आमच्या घरात कुणी भक्ती म्हणून खपवून घेतली नसती.

काल २५ नोव्हेंबर होता. पंचाहत्तर वर्षांपूर्वी याच दिवशी बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत शेवटचं मोठं भाषण केलं. ते म्हणाले होते, की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणातली भक्ती, विभूतिपूजा, हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे. आणि भारताच्या राजकारणात ही भक्ती जितकी आहे तितकी जगात दुसरीकडे कुठे नाही, असंही. हे वाक्य हल्ली प्रत्येक जण समोरच्याच्या नेत्यासाठी वापरतो. मला त्यात दिसतो तो त्याचा पहिला भाग. बाबासाहेबांनी तिथे भक्तीला मोडीत काढलेलं नाही, तिची जागा कुठली ते सांगितलंय. अण्णांनी हे भाषण वाचलेलं नाही. त्यांच्याबद्दलचा पुढचा प्रसंग सांगितला की तुम्हाला वाटेल वाचलं असावं.

आमच्या गावात कोजागरीपासून महिनाभर काकडा असतो. पौर्णिमेला, म्हणजे यंदा १५ तारखेला, काल्याचं कीर्तन. प्रचाराला तीन दिवस उरलेले. महाराज बाहेरगावचे, नाव देत नाही, आवाज चांगला, माणसं खिळवून ठेवणारे. निरूपण रंगात आलं आणि बोलता बोलता गाडी घसरली. धर्म धोक्यात आहे इथून सुरुवात झाली, मग कुणामुळे आहे ते आलं, मग यंदा कुठलं बटण दाबलं नाही तर पुढच्या वर्षी हा काकडा होणार नाही, इथपर्यंत. टाळ्या पडल्या. काही माणसं खाली बघत बसली. आमच्या गावात मुसलमानांची पंधरा-सोळा घरं आहेत. त्यातले एक चाचा दरवर्षी मंडपाचं काम करतात, ते मागे खांबाला टेकून उभे होते. तेही खालीच बघत होते.

कीर्तन संपलं, काला वाटला, रिवाजाप्रमाणे सगळे महाराजांच्या पाया पडले. अण्णाही पडले. आणि उठताना हळूच म्हणाले, ‘महाराज, आज चपला आत आल्या.’

महाराजांना आधी कळलंच नाही. त्यांनी खरोखर पायांकडे पाहिलं.

कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे, हे शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना मी सांगते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२३ आहे, धर्माच्या, जातीच्या नावावर मत मागणं हा त्यात भ्रष्ट आचार ठरतो. २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन असा निर्णय दिला, की नुसता उमेदवाराचा धर्म नाही, मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेलं आवाहनही त्यात येतं. देवळं, मशिदी, मठ राजकीय प्रचारासाठी वापरू नयेत असा वेगळा कायदा तर १९८८ पासून आहे. आणि हे फक्त कागदावरचं नाही. पार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून आपल्याच राज्यात निवडून आलेल्या आमदाराची निवड रद्द झाली होती, आणि बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकारही सहा वर्षांसाठी गेला होता. यंदाच्या प्रचारात कुठल्या बाजूने काय काय घोषणा झाल्या, कुठल्या धर्मगुरूंनी कुणाला पाठिंब्याची पत्रकं काढली, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. एकाच बाजूने झालं असं म्हणणाऱ्याने दुसऱ्या बाजूला पाहिलेलं नाही.

पण मला कायद्यापेक्षा अण्णांचं वाक्य जास्त पटतं. कायदा निवडणूक खराब होऊ नये म्हणून आहे. अण्णांना देऊळ खराब होण्याची काळजी होती. आस्तिक माणसाने खरं तर ही काळजी सगळ्यात आधी करायला हवी. देवाचं नाव मतासाठी वापरलं की मत मिळतं आणि पाच वर्षांनी पुन्हा मागता येतं. देवाचं जे जातं ते कोण परत आणणार?

निकालाच्या दिवशीचं फार लांबवत नाही. २८८ पैकी २३० जागा एका बाजूला गेल्या, मोठमोठ्या पंडितांना अंदाज आला नव्हता. मतदान ६६ टक्क्यांच्या आसपास झालं, एप्रिल-मेमधल्या लोकसभेपेक्षा बरंच जास्त. कारणं काय ते सांगणारे पुष्कळ आहेत. कुणी लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये म्हणतं, कुणी धर्म म्हणतं, कुणी जात, कुणी मशीन. मशीनबद्दल एवढंच सांगते, की पहाटे साडेपाचला एजंटांसमोर पन्नास मतं टाकून, मोजून, पुसून मगच आम्ही मोहोर लावली, आणि संध्याकाळी किती मतं पडली त्या आकड्याचा कागद प्रत्येक एजंटाच्या हातात दिला. त्यापलीकडचं मला माझ्या खोलीबाहेरचं माहीत नाही. लाडक्या बहिणींना विकत घेतलं म्हणून जे चाललंय त्यावर मात्र राग येतो. एकाने एकवीसशे कबूल केले, दुसऱ्याने तीन हजार. दोघेही बोली लावत होते, मग विकली गेली म्हणून बाईलाच का बोलता? सोयाबीनचा २०२४ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये असून बाजारात त्याच्या बराच खाली विकावं लागलेल्या घरात ते दीड हजार काय होते, हे ज्याच्या घरात दर महिन्याला पगार येतो त्याने, म्हणजे मीसुद्धा, जरा जपून बोलावं.

आमच्या घरच्या ग्रुपवर दुपारी एकपर्यंत भाऊ आणि चुलतभाऊ यांचं जुंपलं. एक पुण्यात, एक संभाजीनगरात. दोघांनीही गावात मत दिलेलं नाही, दोघांनाही गावात पाणी किती दिवसांनी येतं ते ठाऊक नाही. चुलतभाऊ ग्रुप सोडून गेला. काकू रडली. दिवाळीला एका ताटात जेवलेली माणसं ही, तीन आठवडेही झाले नव्हते. संध्याकाळी गुलालाने माखलेली पोरं गाडीवरून घोषणा देत गेली. निम्म्या घोषणा देवाच्या नावाच्या, पण म्हणायची तऱ्हा अशी की कुणाला तरी दम देतायत.

आणि अण्णांनी विचारलं, ‘कोन आलं गं?’

मी नाव सांगितलं. ‘बरं,’ म्हणाले, ‘मग टाकीचं आता त्येला सांगावं लागंल.’

आता हे टाकीचं प्रकरण. आमच्या गावात पाण्याची टाकी बांधून उभी आहे, पाईपलाईनही टाकलेली आहे, आणि वस्तीच्या वरच्या बाजूला पाणी चढत नाही. वरच्या बाजूला कोण राहतं ते सांगायला नको, गावं कशी वसलेली असतात ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही खालच्या बाजूला राहतो, आमच्या नळाला पाणी येतं. तरी अण्णा गेली कित्येक वर्षं त्यासाठी अर्ज करतायत. ग्रामपंचायत, पंचायत समिती, आमदार, जो कुणी असेल तो. पत्र्याच्या ट्रंकेत, पोथीच्या फडक्याखाली, एक प्लास्टिकची पिशवी आहे, तिच्यात सगळ्या अर्जांच्या पोचा. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर मिळालेला शिक्का आणि बाबूची सही. शिक्का मिळेपर्यंत ते टेबलासमोरून हलत नाहीत. ‘माउली, तेवढी पोच द्या,’ असं इतक्या गोड आवाजात म्हणतात की बाबूला नाही म्हणता येत नाही. एका कचेरीत दिवसभर बसवून ठेवलं होतं, तर हे तिथेच हरिपाठ म्हणत बसले. शिपायाने येऊन शिक्का मारून दिला.

ट्रंकेतली ती पिशवी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. किती पोचा, आणि पाणी नाही. आता त्या ट्रंकेकडे बघून स्वतःचीच लाज वाटते.

कारण माझी ग्रामसभा मी पाहिलेली आहे. शाळेच्या व्हरांड्यात होते ती, शिक्षक म्हणून हजर राहावं लागतं. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर जण, यातला जो आकडा कमी असेल तो. मी मोजलेत, बावीस, एकदा चौदा. मग सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी तेच चौदा जण गावाचा वर्षभराचा आराखडा मंजूर करतात. त्यातले आठ सदस्य किंवा त्यांचे नवरे. महिलांची ग्रामसभा तर कित्येकदा रजिस्टरच घरोघरी फिरवून होते, माझ्या आईने चुलीपुढे बसून सही केलेली मी पाहिली आणि गप्प राहिले. अण्णांनीही तिला कधी ‘चल’ म्हटलेलं नाही, हेही खरं. त्यांचा नेम त्यांच्यापुरता.

ज्या व्हरांड्यात सहा वाजता गेट बंद करून, रांगेच्या शेपटापासून चिठ्ठ्या वाटाव्या लागतात इतकी माणसं मतदानाला येतात, तशाच व्हरांड्यात मे महिन्यात, ऑगस्टमध्ये चौदा जण. शहरातल्यांनी हसू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून २०२४ च्या या निवडणुकीपर्यंत तरी तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होता. आणखी कितीतरी महापालिका आणि जिल्हा परिषदांचं तेच. माझ्या भावाला विचारलं, तुझा नगरसेवक कोण, तर त्याने पटकन जुनं नाव सांगितलं. तो आता नगरसेवक नाही हे त्याला माहीत नव्हतं. दिल्लीतल्या मंत्र्यांची खाती मात्र पाठ.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, रात्री कीर्तन. आम्ही त्यांच्या नावाने अभियान काढलं, २००० सालापासून आहे ते. तपासणीची समिती यायची असली की आदल्या दिवशी गाव लख्ख, समिती गेली की पुन्हा होतं तसं. मी स्वतः पोरांकडून झाडून घेतलंय. त्यामुळे कुणाला उपदेश करण्याच्या लायकीची मी नाही, नोंद असावी.

आज उत्पत्ती एकादशी, आळंदीत माउलींच्या समाधी सोहळ्याची गर्दी आहे. आणि आज संविधान दिनही. दोन्ही एकाच दिवशी आलेत याचं सकाळी मला उगीचच बरं वाटलं. परिपाठात पोरांनी उद्देशिका म्हटली. ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ इथे आल्यावर दुसरीतला एक जण शेजारच्या मुलीला कोपराने ढोसत म्हणाला, ‘तुझं नाव आलं.’ तिचं नाव श्रद्धा आहे. ती एवढी लाजली की पुढची ओळ म्हणायची विसरली.

शाळा सुटल्यावर गावी आले. अण्णांचा उपास होता, वरईचा भात खाऊन ओसरीवर बसले होते, समोर कोरे कागद आणि कार्बन. ‘तुजं अक्षर चांगलंय,’ म्हणाले, ‘नव्या आमदाराला लिही.’ मी लिहिलं. विषय, संदर्भ, मागच्या अर्जांच्या तारखा त्यांनी पिशवीतून काढून एकेक वाचून दाखवल्या. त्यांनी मत कुणाला दिलं ते मी कधी विचारलेलं नाही, आईलाही माहीत नाही. पण एवढ्या वर्षांत सगळ्या पक्षांच्या आमदारांना अर्ज गेलेत हे पिशवीतून कळतं. खाली त्यांनी सही केली. मग बंडीच्या खिशातून कागदाचा तुकडा काढला, त्यावर वरच्या वस्तीतल्या अकरा जणांची नावं होती, त्यांच्या सह्या उद्या घ्यायच्या होत्या. मंडपवाल्या चाचांचं नाव पहिलं होतं.

‘किती प्रती करू?’ मी विचारलं. ‘एक द्यायला, एक पोचेला?’

‘तीन कर. एक त्या पडलेल्यालाबी देऊ.’

‘त्याला कशाला आता, अण्णा?’

‘का? त्येलाबी मतं पडलीत की गावातनं.’

मी तिसरा कागद खाली सरकवला. कार्बन जुना होता, तिसऱ्या प्रतीवर अक्षर पुसट उठलं, म्हणून ती पुन्हा वेगळी लिहून काढली.